लाल टॅग लागलेला बंपर

बंपर म्हणजे काय, हे मला कुणी शिकवू नये! चाकणच्या एका कंपनीत मी वर्षानुवर्षं बंपरच तपासतोय. गाड्यांचे प्लास्टिकचे बंपर रंगून, वाळून लाईनवरून येतात आणि शेवटी माझ्यासमोर उभे राहतात. मी पांढरा हातमोजा घालतो, डोळे मिटतो आणि बंपरवरून तळहात फिरवतो. डोळ्यांना न दिसणारा खड्डा माझ्या तळहाताला दिसतो! पसंत पडला तर हिरवा टॅग. नाही पडला तर लाल टॅग, त्यावर दोष काय, निर्णय काय, खाली माझी सही आणि बंपर भंगारात! भंगारात गेला की आधी करवतीनं त्याचे मधोमध दोन तुकडे करायचे, म्हणजे कुणी तो गुपचूप बाजारात विकू शकत नाही. ही दोन तुकड्यांची कल्पना कुणाची? अस्मादिकांची! त्याबद्दल कंपनीनं मला प्रमाणपत्र आणि स्टीलचा डबा दिलाय. डब्यात सध्या रवा असतो.

आता मला सांगा, अशा माणसाच्या घरच्याच गाडीचा बंपर फाटला तर तो गॅरेजवाल्याच्या दारात जाईल का?

"हॅ!" मी बायकोला म्हणालो. "घरीच करतो. असा करतो की गॅरेजवाले बघायला येतील!"

गाडी तशी आमच्या अबोलीची. अबोली म्हणजे माझी बायको, शाळेत गणित शिकवते. आधीची शाळा इथं मोशीतच होती, चालत जायची. मार्चमध्ये तिची बदली झाली दिघीला. म्हणजे मोशीहून भोसरी, भोसरीला उतरून दुसरी बस, आणि तिची वाट बघता बघता शाळेची प्रार्थना संपलेली! म्हणून आम्ही ही जुनी गाडी घेतली. मला स्वतःला गाडी चालवता येत नाही. हसू नका! मला बंपर येतो. गाडी बंपरच्या मागं असते, तो भाग माझ्या खात्यात येत नाही.

अबोली मात्र रीतसर शिकली. पहिल्या झटक्यात लायसन्स काढलं. आणि पहिल्यांदा एकटीनं गाडी बाहेर काढताना सोसायटीच्या पार्किंगमधल्या खांबाला डावा कोपरा असा काही घासला की तिसऱ्या मजल्यावरची कुकरची शिट्टी कुणाला ऐकू आली नाही! सगळी सोसायटी बाल्कनीत. कुणाला काही लागलं नाही, खांबालाही नाही. बंपरचा कोपरा तेवढा फाटून लोंबायला लागला.

आमची सोसायटी माणसं म्हणून फार चांगली. पण चेष्टेची संधी सोडतील तर शपथ! दुसऱ्या दिवसापासून त्या खांबाचं नाव पडलं 'अबोलीताईंचा खांब'. "स्कूटर कुठं लावलीय?" "अबोलीताईंच्या खांबाशी!" "पाण्याचा टँकर कुठं उभा करू?" "ताईंच्या खांबाच्या पुढं!" अबोली सगळ्यांबरोबर हसायची. पण घरी येऊन तिनं गाडीची किल्ली देवघरात कुंकवाच्या करंड्याशेजारी नेऊन ठेवली, ती ठेवलीच. रोज पूजेत किल्लीवरही एक फूल पडायचं.

"जूनमध्ये शाळा उघडेल, तोवर हात बसवायला नको का?" मी विचारलं.

"बंपर नीट होऊ द्या आधी," ती म्हणाली. "मग बघू."

बास! मला तेवढंच हवं होतं. मे महिना अख्खा हातात होता. बंपर नीट झाला की बायको गाडी काढणार, दिघीच्या शाळेत ऐटीत उतरणार. सगळं माझ्या तळहातावर अवलंबून!

खरं तर फाटका कोपरा मागून सांधला असता, वर पुट्टी भरून घासला असता आणि रंग मारला असता तर काम एका रविवारात उरकलं असतं. पण बंपर काढून जमिनीवर ठेवला आणि माझ्यातला कारागीर जागा झाला. काय ते डिझाईन! खाली उगाचच दोन खोटी भोकं, ज्यांच्यात दिवेच नाहीत. मध्ये रेघा. कडेला पन्हाळी. हे सगळं बुजवून टाकायचं ठरवलं. पुढून गाडी कशी साबणाच्या वडीसारखी गुळगुळीत दिसली पाहिजे!

"नुसती दुरुस्ती कशाला? कस्टमाइज करतो!"

"म्हणजे काय करता?"

"म्हणजे अशी गाडी अख्ख्या पिंपरी-चिंचवडात दुसरी दिसणार नाही."

हे वाक्य माझं शब्दशः खरं ठरलं, ते पुढं कळेलच.

पुट्टी म्हणजे घट्ट पिठल्यासारखं प्रकरण. त्यात ती घट्ट करणारा हार्डनर मिसळायचा आणि ती आळायच्या आत पटापट भरायची. मिसळायला सपाट पाटी लागते. स्वयंपाकघरात सगळ्यात सपाट काय? पोळपाट! आणि कालवायला उलथनं. थोडा हार्डनर घातला, वाटलं कमी पडेल, आणखी पिळला. तेवढ्यात दाराची बेल वाजली. दूधवाल्याशी दोन शब्द बोलून परत येतो तर पुट्टी दगड! पोळपाटावर उलथनं उभंच्या उभं, एखाद्या स्पर्धेत मिळालेल्या ढालीसारखं. मी पोळपाट धरून ओढलं, उलथनं धरून ओढलं, शेवटी उलथनं धरून पोळपाट उचलला तेव्हा अबोली मागं उभी होती.

"पोळ्या कशावर लाटू?" तिनं शांतपणे विचारलं. "बंपरवर?"

नवा पोळपाट आला. मी हार्डनरचं प्रमाण सुधारलं आणि बंपर घेऊन गच्चीवर गेलो. तिथं मोकळी हवा, भरपूर ऊन. घासायचं मशीन मी समोरच्या जयदीपकडून आणलं. जयदीप दुसऱ्या एका कंपनीत पेंट शॉपला आहे. तो म्हणाला, "भाऊ, घासून तयार ठेवा. रविवारी मी स्प्रे गन घेऊन येतो, दोन हात मारतो, विषय संपला!"

मशीन सुरू केलं आणि पांढऱ्या धुळीचा असा लोट उठला की मीच मला दिसेना! खाली उतरलो तेव्हा वाटेत भेटलेल्या एका बाईंनी मला गिरणीवाला समजून दळण कधी मिळेल विचारलं. पण काम झकास झालं होतं. संध्याकाळी मी समाधानानं चहा पीत बसलो होतो, तोच खालच्या मजल्यावरून उद्धवरावांचा आवाज आला.

उद्धवराव म्हणजे आमच्या सोसायटीचे चेअरमन. मूळचे मोशीचेच. सोसायटी उभी आहे ती त्यांच्याच शेतात, म्हणून त्यांचा शब्द शेवटचा. ते कौतुकानं बायकोला म्हणत होते, "सावित्री, औंदा कुरडया लईच पांढऱ्या झाल्यात गं! गेल्या साली अशा नव्हत्या!"

सावित्रीबाई म्हणाल्या, "उन्हाचा गुण हाय. थांबा, चार तळते."

माझ्या हातातला चहा सांडला! सावित्रीबाईंच्या कुरडया गच्चीवरच, पाण्याच्या टाकीपलीकडं वाळत होत्या. मी दोन-दोन पायऱ्या गाळत खाली धावलो. कढईत तेल तापलं होतं, हातात कुरडई होती.

"थांबा! ती कुरडई नाही!" मी ओरडलो.

"मग काय हाय?"

"बंपर आहे!"

मग सगळं सांगावं लागलं. सावित्रीबाई चिडल्या नाहीत. त्या नुसत्या परातीकडं बघत राहिल्या, ते जास्त लागलं. उद्धवरावांनी मात्र जागच्या जागी सभा घेतली आणि ठराव केला, "हरिभाऊ, तुमी उद्यापासनं खाली पार्किंगमधी बसायचं. गच्चीवर पाय ठिवायचा न्हाई."

अशा रीतीनं मी बंपरसकट अबोलीच्या खांबाशी येऊन बसलो. तिथं सोबतीला वॉचमन गणराज होता. गणराज बीडकडचा. आधी आमच्याच कंपनीत, माझ्या हाताखाली कंत्राटावर होता. पाठदुखीनं जड काम जमेना, तेव्हा मीच त्याला इथं चिकटवलं. माझ्यावर त्याची श्रद्धा. त्याला तपासणीचे धडे मीच दिले होते. "गणराज, लाल टॅग दिसला की डोकं चालवायचं नाही! कुणाला विचारायचं नाही! काय करायचं?" आणि तो छाती काढून म्हणायचा, "भंगार, साहेब!"

पार्किंगमध्ये बसायचा तोटा असा की येणारा-जाणारा प्रत्येक जण थांबायचा, आणि आमच्याकडं येणारा-जाणारा प्रत्येक जण कुठल्या ना कुठल्या कंपनीत! जो तो खाली वाकून बंपरवर तळहात फिरवायचा, "हं" म्हणायचा आणि शिफ्टला जायचा. पण खरं निदान व्हायचं ते अबोलीचं. कमाल बाई! काम संपत आलं की ती चहा घेऊन खाली यायची, कप ठेवायची, डोळे मिटायची आणि बंपरवरून हळूच बोटं फिरवायची. अगदी माझ्यासारखी!

"छान झालंय," ती म्हणायची. मग थांबायची. "इथं मात्र काहीतरी लागतंय का हो?"

"कुठं?"

"इथं. जरासं. नसेलही."

मी हात फिरवायचो. मला काही लागायचं नाही. पण संशय एकदा शिरला की तळहात ऐकतो थोडाच! पाचव्या-सहाव्या फेरीला मलाही तिथं काहीतरी लागायला लागायचं. मग पुन्हा पुट्टी, पुन्हा पॉलिश पेपर, पुन्हा पाणी. माझा ऊर अभिमानानं भरून यायचा. संसारात राहून राहून बायकोच्या बोटांत केवढी नजर आली!

दर रविवारी सकाळी जयदीप स्प्रे गन, मास्क आणि जुना शर्ट अशा तयारीनं यायचा. दर रविवारी अबोलीचं निदान आधीच झालेलं असायचं. मग जयदीप वर येऊन पोहे खायचा आणि परत जायचा. पोहे अबोली अगदी हौसेनं करायची, वर खोबरं-कोथिंबीर, लिंबाची फोड. मला वाटायचं, नवऱ्याच्या कामाचं कौतुक!

"भाऊ," एकदा जयदीप तोंडातला घास संपवून म्हणाला, "बंपर घासून घासून कागदासारखा पातळ होईल. आता काय त्यावर पत्रिका छापायचीय?"

मे संपला. शाळा उघडायचा दिवस अगदी तोंडावर आला. किल्लीवर रोज फूल पडतच होतं. मी एकदा अबोलीला विचारलं, "सोमवारी गाडीनं जाशील ना?" ती पोळी उलटवत म्हणाली, "बंपर झाला की." मग तिनं हळूच बसचं वेळापत्रक फ्रिजवर चिकटवलं. मला कसंतरीच झालं. मी ठरवलं, काही झालं तरी या रविवारी रंग!

तो रविवार उजाडला. मी आदल्या दिवशीच रंगाखालचा प्रायमर मारला होता. प्रायमर म्हणजे पाहुणी आलेली आत्या, लपवलेलं सगळं बरोबर तिला दिसतं. पण या वेळी प्रायमरलासुद्धा काही सापडलं नव्हतं! राखाडी, गुळगुळीत, एकसंध. मी हातमोजा घालून बघितला, काढून बघितला. निर्दोष! गणराज म्हणाला, "हिरवा टॅग, साहेब!" मी खिशात हात घातला. माझ्या खिशात रविवारीसुद्धा टॅग असतात, काहींच्या खिशात सुपारी असते तसे.

तेवढ्यात अबोली चहा घेऊन आली. डोळे मिटले. बोटं फिरवली. डावा कोपरा, मध्य, उजवा कोपरा, पुन्हा डावा कोपरा.

"इथं," ती म्हणाली, "लाट आल्यासारखी वाटते का?"

मी तळहात फिरवला. काही नाही. दुसरा फिरवला. काही नाही. गाल टेकवला! काही नाही. आणि मग माझ्या लक्षात आलं. जे बायकोला लागतंय ते मला लागत नाही! म्हणजे माझा हात गेला. एवढी वर्षं ज्या तळहातावर घर चाललं तो तळहात संपला! मला रागही आला, रडूही आलं. तिच्या शाळेसाठी एक साधा बंपर मला करता आला नव्हता. सवयीनं खिशातून लाल टॅग निघाला. सवयीनंच लिहिलं, 'दोष: पृष्ठभागावर लाट. निर्णय: रिजेक्ट.' सही केली, टॅग बंपरला बांधला आणि कुणाशी न बोलता वर जाऊन पांघरूण घेऊन झोपलो. जयदीप येऊन पोहे खाऊन गेल्याचंही मला कळलं नाही.

जाग आली ती दुपारी. डोकं जरा शांत झालं होतं. म्हटलं, चला, एक शेवटचा हात मारू. खाली आलो. खांब होता. गाडी होती, कवळी काढून ठेवलेल्या आजोबांसारखी तोंड उघडं टाकून. बंपर नव्हता.

"गणराज! बंपर कुठाय?"

गणराजनं टाचा जुळवल्या. "दिला, साहेब!"

"कुणाला दिला?"

"भंगारवाल्याला. आपल्या कंपनीचं भंगार नेतो, त्योच. सोसायटीची रद्दी न्यायला टेम्पो आला होता ना. म्या बगितलं, लाल टॅग, खाली तुमची सही. डोकं चालवलं न्हाई! कुणाला विचारलं न्हाई!"

माझा चेहरा बघून गणराजला वाटलं, काहीतरी चुकलंय. त्यानं घाईघाईनं खुलासा केला, "फकस्त कापायचा राहिला, साहेब. इथं करवत सापडली न्हाई. पर टेम्पोवाल्याला दोनदा सांगितलंय, यार्डात गेल्यावर सगळ्यात आदी ह्योच काप. मधोमध!"

"अरे, फोन लाव त्याला!"

"लावला तर उचलत न्हाई. गाडी चालवतंय ना. लई शिस्तीचा माणूस हाय."

आरडाओरडा ऐकून उद्धवराव आले. मागोमाग अबोली खाली आली. मी बाइककडं धावलो.

"बाइकवर बंपर कसा आणणार?" अबोली म्हणाली. "डोक्यावर घेऊन?"

"मग रिक्षा बघतो!"

"रिक्षात मावेल का तो? गाडीएवढा रुंद आहे ना!"

मी थांबलो. खरंच सांगतो, माझे डोळे भरून आले. "अबोली, अगं तुझ्यासाठी केला होता मी तो. उद्या शाळा आहे तुझी. आता तू पुन्हा बसच्या मागं धावणार."

तिचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. मग ती वळली आणि जिना चढून गेली. मला वाटलं, रडायला गेली. पण ती परत आली तेव्हा तिच्या हातात किल्ली होती आणि किल्लीला सकाळचं जास्वंदीचं फूल चिकटलेलं होतं.

"बसा गाडीत," ती म्हणाली. "लवकर!"

"बंपरशिवाय?"

"मग काय बंपर आणायला बंपर लावून जायचं?"

भंगाराचं यार्ड चिखलीच्या बाजूला, उद्धवरावांच्या पुतण्याच्या जागेत होतं, म्हणून उद्धवराव मागच्या सीटवर बसले. मी पुढं. नंबरप्लेट बंपर काढला तेव्हाच सुटून आली होती, ती गणराजनं सुतळीनं जाळीला बांधली. गाडी सुरू झाली आणि समोर उभा राहिला तो खांब! सगळ्या बाल्कन्या भरल्या होत्या. एक माणूस बोलेल तर शपथ. अबोलीनं ओठ आवळले. गाडी पुढं सरकली, थांबली, मागं आली, पुन्हा सरकली. मी डोळे मिटले. कानावर काहीच आलं नाही म्हणून उघडले, तर आम्ही गेटच्या बाहेर होतो!

"गेला खांब!" उद्धवराव ओरडले. "आता हाण, पोरी!"

आणि तिनं हाणली! नाशिक रस्त्यावर नव्याकोऱ्या गाड्या लादलेला एक लांबलचक ट्रेलर आमच्या पुढं डुलत चालला होता. वर दोन मजले भरून चकचकीत बंपर! त्यातले निम्मे तरी माझ्या हाताखालून गेलेले असणार. एरवी मी टक लावून बघत बसलो असतो. पण आमच्या बाईनं हॉर्नवर तळहात ठेवला तो उचललाच नाही. ट्रेलरवाल्यानं खिडकीतून डोकं काढून काहीतरी म्हटलं. त्यावर अबोलीनं, माझ्या गणिताच्या बाईनं, काच खाली करून त्याला जे सुनावलं ते मी इथं लिहू शकत नाही. उद्धवरावांनी मागून दाद दिली, "व्हय, असंच पायजे!"

चौकात गर्दी. पुढं सिग्नल.

"डावीकडं घाला," उद्धवराव म्हणाले. "इथं माझा ज्वारीचा पट्टा व्हता. त्याच्या बांधावरनं सरळ रस्ता हाय."

"उद्धवराव, तिथं आता बिल्डिंग आहे!" मी म्हणालो.

"बिल्डिंगच्या मागनं बांध हाय की अजून!"

खरोखर होता! गाडी त्यावरून उड्या मारत निघाली. नंबरप्लेट सुतळीवर खडखडत होती. मी दोन्ही हातांनी वरचा दांडा धरला होता. तेवढ्यात अबोली रस्त्यावरची नजर न काढता म्हणाली, "अहो, एक सांगू?"

"आत्ता?"

"आत्ताच सांगते. लाट नव्हती."

"काय?"

"लाट नव्हती. मागच्या वेळचा खड्डाही नव्हता. त्याच्या आधीचाही नव्हता. मला कधीच काही लागलं नाही. मला बंपरमधलं काय कळतंय!" तिनं एका कुत्र्याला अलगद वळसा घातला. "तुमचा बंपर झाला असता तर मला गाडी चालवावी लागली असती. मला भीती वाटत होती हो. सगळे बाल्कनीतून बघणार, पुन्हा खांबाला लागणार, पुन्हा हसणार. तुम्ही घासायला बसलात की मला कसं हायसं वाटायचं. म्हणून तर पोहे करायची."

एक महिना! एक महिना मी नसलेले खड्डे घासत होतो! रागानं काहीतरी बोलणार होतो, पण दुसऱ्याच क्षणी डोक्यात लख्ख उजेड पडला. लाट नव्हतीच! म्हणजे माझा तळहात शाबूत होता!

"अबोली!" मी आनंदानं ओरडलो. "मला काहीच लागलं नव्हतं! मी बरोबर होतो!"

"हो," ती म्हणाली. "सकाळी तुमचं तोंड बघितलं तेव्हा सांगणारच होते. धीर झाला नाही."

"अवं, मग दोघं आधीच बोलला असता तर माझ्या कुरडया वाचल्या असत्या!" मागून उद्धवराव कळवळून म्हणाले.

यार्डाचं पत्र्याचं फाटक उघडंच होतं. अबोलीनं गाडी आत घातली आणि मी चालू गाडीतून दार उघडून जवळजवळ उडीच मारली. समोर बघितलं आणि पाय थबकले. डोंगर! अर्ध्या-अर्ध्या बंपरांचा डोंगर. लाल, निळे, पांढरे, काळे. आणि दर दुसऱ्या तुकड्यावर वाऱ्यानं फडफडतोय लाल टॅग, त्यावर माझं अक्षर, माझी सही! आयुष्यात केलेलं काम एका ठिकाणी बघायला मिळणं हे सगळ्यांच्या नशिबात नसतं.

पलीकडून करवतीचा आवाज येत होता. "थांबा!" मी धावत सुटलो. आवाज थांबला. मला वाटलं, ऐकलं! पण तो माझ्या ओरडण्यानं थांबला नव्हता. काम संपलं म्हणून थांबला होता. माझा राखाडी, गुळगुळीत, निर्दोष बंपर दोन सारख्या तुकड्यांत जमिनीवर पडला होता. अगदी मधोमध!

"कंपनीचा नियम आहे, दादा," भंगारवाला हात झटकत म्हणाला. "लाल टॅग आला की आधी कापायचं. हा सहीवाला साहेब भारी खडूस आहे. एवढा चांगला माल रिजेक्ट करतो! आता हाच बघा ना, हात फिरवून बघा, लोण्यासारखा आहे. ह्याच्यात काय खोट काढली असंल त्यानं? कोण आहे, तुम्ही ओळखता का?"

"थोडंफार," अबोली म्हणाली. आणि मग ती हसायला लागली. आधी पदर तोंडाला लावून, मग पदर सोडून, मग करवतीच्या टेबलाचा आधार घेऊन. उद्धवराव हसले. भंगारवाला काही न कळताच हसला. शेवटी मीही हसलो. करता काय! दुसरं काही करण्यासारखं तिथं नव्हतं.

हसणं ओसरल्यावर अबोलीनं मागं वळून गाडीकडं बघितलं. पुढून बोडकी, सुतळीला लटकलेली नंबरप्लेट, बोनेटवर धूळ.

"अहो," ती हळूच म्हणाली, "दिघीचा रस्ता याच्यापेक्षा सोपाच आहे की."

परत आल्यावर तिनं गाडी त्याच खांबाशी लावली, एका दमात. बाल्कन्यांमधून टाळ्या पडल्या. सावित्रीबाईंनी तर भाकरतुकडा ओवाळून टाकला. ओवाळताना गाडीला की अबोलीला, असा प्रश्न पडल्यावर त्यांनी दोघींना मिळून ओवाळलं. माझ्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं. मी दोन अर्धे बंपर काखेत घेऊन उभा होतो.

सोमवारी सकाळी अबोली शाळेला निघाली. गाडी अजून बोडकीच, पण आरशाला एक हिरवा टॅग बांधलेला. तो गणराजनं पहाटे उठून बांधला होता, खाली त्याची सही. निघताना ती म्हणाली, "चला, तुमच्या बसच्या थांब्यापर्यंत सोडते." थांब्यावर माझ्या कंपनीतली सगळी मंडळी उभी होती. मी अशा तोऱ्यात उतरलो, जणू गाडीला सोन्याचा बंपर आहे! अबोलीनं मला हाक मारून थांबवलं, मायेनं शर्टाची कॉलर नीट केली, पाठीवरून एक हात फिरवला आणि झूमकन निघून गेली.

मला भरून आलं. बसमध्ये सगळे माझ्याकडं बघून हसत होते, मीही सगळ्यांकडं बघून हसत होतो. लाईनवर गेलो, तिथं हसले. कँटीनमध्ये हसले. मॅनेजरसाहेबसुद्धा मागून जाताना थांबले, वाचल्यासारखे काही पुटपुटले आणि खांदे उडवत गेले. म्हटलं, बायको गाडी चालवते म्हणून आज सगळ्या कंपनीला माझं केवढं कौतुक!

शिफ्ट सुटल्यावर शर्ट बदलायला काढला, तेव्हा पाठीवर टाचणीनं अडकवलेला लाल टॅग हातात आला. अक्षर फळ्यावर लिहिल्यासारखं टपोरं होतं.

'दोष: घासण्याची खोड. निर्णय: आहे तसा चालेल. भंगारात देऊ नये.'